उतारावर उभी जीप

टोकावडे सोडून डोंगराच्या अंगाला गेलं की एक वाडी लागते. तिचं नाव लिहीत नाही. तिथल्या जुन्या माणसांसमोर माझं नाव काढलंत तर ती जमिनीवर थुंकतील. त्या वाडीत मी अकरा वर्षं जीप नेली. खत नेलं, बियाणं नेलं, शाळेचे पत्रे नेले, अडलेल्या बाळंतिणी खाली मुरबाडला आणल्या. ते कोणाला आठवत नाही. एक दुपार तेवढी आठवते.

या अंकासाठी ‘धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा’ असा मला निरोप आला. गमतीचे दोन आहेत, ते आधी लिहून मोकळा होतो. मग त्या दुपारचं लिहितो, कारण ते लिहायला आता कोणाची आडकाठी उरलेली नाही.

मी सातवी शिकलेला. कल्याणला एका गॅरेजात चार वर्षं गाड्यांखाली पडून काम शिकलो आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुरबाडला स्वतःची शेड टाकली. त्याच साली एका सरकारी खात्याच्या जुन्या जीपचा लिलाव निघाला. फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी. लिलावाच्या आधी मी गाडीखाली झोपलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “अरे, चासी गेलीय हिची!” उभे होते त्यातले तिघे तिथूनच घरी गेले. चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, खणखणीत होती. हे मी लाजून सांगत नाही. चार पैसे गाठीला असलेल्या लोकांत उभं राहून, एकही पैसा गाठीला नसताना गाडी घ्यायची तर तोंडाचाच आधार होता.

त्या जीपनं मला उभं केलं. आमच्याकडे टेम्पो जिथे थांबतो तिथून पुढे पाच-सहा मैल माणसं राहतात. ओढे, गोटे, लाल मातीची चढण. तिथे जीपच जाते, तीही चालवणाऱ्याला अक्कल असेल तर. फोर-व्हील जीप म्हणजे कुठेही घुसवायचा रणगाडा, असं शहरातल्या माणसाला वाटतं. ती खरं म्हणजे सारखी लक्ष मागणारी गाडी आहे. ओढ्यात घालण्याआधी उतरून, काठीनं पाणी मोजायचं. खोल असेल तर फॅनबेल्ट काढायचा, नाहीतर पंखा सगळं पाणी इंजिनावर उडवतो. पलीकडे गेल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून शंभर पावलं चालवायचं, म्हणजे ब्रेकचे लायनर सुकतात. हे न करता जो पुढच्या उतारावर निघाला, त्याला ब्रेक नाहीत हे उतारावरच कळतं.

शहापूरच्या बाजूला, भातसानगरच्या अलीकडे, मुंबईच्या एका साहेबांनी जमीन घेतली होती. त्यांनी हौसेनं फोर-व्हील गाडी घेतली आणि पुढच्या चाकांचा जोर कायम लावून ठेवून डांबरी रस्त्यावर दोन महिने फिरवली. कोरड्या डांबरावर चाकांना घसरायला जागा मिळत नाही, मग पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना पिळत राहतात. एक दिवस आतला गिअर फुटला. साहेब मला म्हणाले, “पण मी तर जास्त सुरक्षित म्हणून लावून ठेवलं होतं!” मी म्हणालो, “साहेब, पावसाळी बूट चांगले असतात म्हणून तुम्ही झोपताना घालता का?” ते रागावले. दुसऱ्या गॅरेजात गेले. तिथे त्यांना माझ्या दुप्पट बिल आलं, हे ऐकून मला आठवडाभर बरी झोप लागली.

दुसरा एक पाइपलाइनचा ठेकेदार. त्याचा ड्रायव्हर उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायचा, डिझेल वाचतं म्हणून. मी त्याला शेडसमोर उभं करून सगळ्यांदेखत शिव्या घातल्या. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे मी त्याला पाटीवर लिहून दिलं. ठेकेदार म्हणाला, “वामनशेट, माणूस माझा हाय, तुमी कशाला तापता?” माझा स्वभावच तापट. त्यामुळे धंद्यातली निम्मी गिऱ्हाइकं मी गमावली, उरलेली निम्मी मात्र जिवंत राहिली असं मी म्हणायचो. म्हणायचो. आता म्हणत नाही.

गमतीचं संपलं.

माझ्या जीपवर बाळाराम नावाचा ड्रायव्हर होता. तिशीतला, बोलायला कमी. मी त्याला स्वतः शिकवलं होतं आणि सगळ्यात पहिल्यांदा शिकवलं ते गाडी उभी करायला. गाडी चालवणं कोणीही शिकतं. उतारावर गाडी उभी ठेवणं ही खरी विद्या. इंजिन बंद, गिअर टाकलेला, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड. यातलं एक जरी राहिलं तरी मी त्याला घरी पाठवीन, असं सांगितलेलं.

भाताची कापणी झाली की आमची जीप मळणीला जायची. या जुन्या जीपला मागे एक पुली बसवता येते. तिच्यावरून लांब पट्टा टाकला की इंजिनावर मळणीचं यंत्र फिरतं. वाड्यांमध्ये तेव्हा वीज असून नसल्यासारखी, त्यामुळे लोक रांग लावायचे. फक्त गाडी जागेवर उभी राहून पुली फिरली पाहिजे, म्हणून गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी जो छोटा दांडा असतो तो मधे, न्यूट्रलला टाकावा लागतो. त्यानं इंजिन आणि चाकं यांचा संबंध सुटतो. इथेच धोका आहे. छोटा दांडा मधे असेल तर मोठा दांडा पहिल्या गिअरमध्ये असला काय आणि नसला काय, चाकं मोकळीच. गिअर गाडीला धरत नाही. मग गाडी राहते फक्त हँडब्रेकवर आणि दगडावर.

आता हँडब्रेकचं सांगतो. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. छोट्या दांड्याखाली जो डबा आहे, त्याच्या मागच्या तोंडाला एक ड्रम असतो, त्यावर असतो. त्या तोंडाचं ऑइल सील झिजलं की डब्यातलं तेल ड्रममध्ये उतरतं आणि लायनर तेलानं माखतात. हँडब्रेक ओढला की हाताला घट्ट लागतो, पण धरत नाही. धरला तरी थोडा वेळ धरतो आणि मग हळूच सोडतो.

दिवाळी झाल्यावर बाळाराम मला म्हणाला, “शेट, हँडब्रेकला तेल येतंय. सील बदलू या.”

मी म्हणालो, “बदलतो.”

मी कल्याणला गेलो. दुकानदार सीलचा आणि लायनरचा जो भाव बोलला तो मला पटला नाही. मी माझ्या सवयीप्रमाणे काउंटरवरून उठलो आणि चालू लागलो. चार पावलं गेलं की दुकानदार हाक मारतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. यानं मारली नाही. मागे वळणं माझ्या स्वभावात नव्हतं. स्टँडवर येऊन मुरबाडच्या एसटीत बसलो. हातात सील नव्हतं. डोकं गरम होतं, आणि त्या गरम डोक्यात मी एवढंच ठरवलं की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून आणू. बाळारामला म्हणालो, “एवढी मळणी काढ. दगड मोठा लाव.”

पंधरा दिवस तो मोठा दगड लावत होता.

त्या वाडीत धर्मा म्हणून शेतकरी होता. त्याचं खळं, म्हणजे मळणीसाठी सारवलेली जागा, टेकाडावर होतं. तिथून खाली पायरीसारखी भाताची खाचरं उतरत जातात. जीप खळ्याच्या कडेला, शेपूट यंत्राकडे आणि तोंड उताराकडे करून उभी होती. सकाळभर यंत्र चाललं. दुपारी बाळारामनं इंजिन बंद केलं, जेवून पुन्हा यंत्र चालवायचं म्हणून छोटा दांडा मधेच ठेवला, पट्टा उतरवला आणि घराच्या सावलीत भाकरी खायला बसला. धर्माची बायको सोनाबाय तेवढ्यात खालच्या खाचरात सूप घेऊन भात वारवत उभी राहिली, कारण वारा सुटला होता. तिची पाठ गाडीकडे होती.

गाडी आवाज न करता निघाली. बाळाराम ओरडला तोपर्यंत ती खळ्याच्या कडेवरून खाली गेली होती.

मला निरोप मिळाला तसा मी मोटारसायकलवरून निघालो. पोहोचलो तेव्हा पोलीस यायचे होते. सोनाबायला माणसांनी वर आणून गोधडीवर ठेवलं होतं. तिच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिणार नाही. अकरा वर्षांत त्या बाईनं मला एकदाही चहा न देता वाडीतून जाऊ दिलं नव्हतं.

वाडीतली माणसं बाळारामला घेरून उभी होती. त्याचा सदरा फाटला होता. तो एकच वाक्य म्हणत होता, “दगड लावलेला मी. आयच्यान लावलेला.”

“कुठंय दगड? दाखव ना!” एकजण ओरडला. “गाडीखाली धोंडा नाय नि थापा मारतोय!”

दगड खरंच नव्हता. मीही आधी बाळारामलाच दोन शिव्या घातल्या. मग गाडी जिथे उभी होती तिथे गेलो. पुढच्या डाव्या चाकाच्या जागी, सारवलेल्या मातीत, ताटाएवढा चपटा खड्डा उमटला होता. भार घेतलेल्या दगडाचा. मी तिथून मान वर केली आणि मला तो दगड दिसला.

हे समजायला आमच्याकडची एक गोष्ट माहीत हवी. यंत्रातून निघालेला पेंढा चुरडून निघतो. गुरांना चालतो, घराच्या छपराला चालत नाही. छपराला लांब, अखंड पेंढा लागतो, आणि तो फक्त हातानं झोडूनच मिळतो. पेंढी दोन्ही हातांत धरायची आणि चपट्या दगडावर आपटायची, की दाणा गळतो आणि काडी मोडत नाही. म्हणून यंत्र आणलं तरी प्रत्येकजण छपरापुरत्या पेंढ्या बाजूला ठेवतो आणि मधल्या वेळात झोडून घेतो. प्रत्येक खळ्यावर झोडणीचा एक ठरलेला दगड असतो. बापानं वापरलेला, आज्यानं वापरलेला.

बाळारामला सकाळी मोठा दगड हवा होता. त्यानं खळ्यावरचा सगळ्यात चांगला चपटा दगड उचलून चाकाला लावला. दुपारी धर्मा झोडायला उठला. त्याचा दगड जागेवर नव्हता. गाडी बंद होती, हलत नव्हती, आत मोठा दांडा गिअरमध्ये होता. त्यानं आपला दगड काढून घेतला. कुठलाही ड्रायव्हर असं करणार नाही, आणि कुठल्याही शेतकऱ्यानं तसंच केलं असतं. तेलकट हँडब्रेकनं गाडी दहा-पंधरा पेंढ्या झोडून होईपर्यंत धरली असेल. मग सोडली.

दगड आता झोडलेल्या भाताच्या मधोमध पडला होता. वर दाणे, आणि एका कडेला टायरचं रबर घासल्याचा काळा डाग.

धर्मा गोधडीशेजारी बसला होता. हातात अजून पेंढीचं वेठण होतं, भारे बांधायची ती पिळलेली काडी. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “वामनशेट, तुज्या गाडीला धोंडा लावायची पण अक्कल नाय तुज्या मानसाला?”

तो खोटं बोलत नव्हता. मी आयुष्यभर भाव केले आहेत, समोरच्याच्या तोंडावरून खोटं ओळखण्यावर माझं पोट होतं. त्याला ठाऊकच नव्हतं. माणूस दारातली चप्पल पायात सरकवतो आणि नंतर त्याला आठवत नाही, तसा त्यानं तो दगड घेतला होता.

बोललो असतो तर बाळाराम तिथल्या तिथे सुटला असता. मी तोंड उघडलंही. पण हे सांगताना हँडब्रेकचं सांगावं लागलं असतं, सीलचं सांगावं लागलं असतं, आणि त्या काउंटरवरून मी चालू लागलो तेही. तिघांच्या हातून चुका झाल्या होत्या. बाळारामनं दुसऱ्याचा रोजच्या वापरातला दगड चाकाला लावला. धर्मानं तो काढला. दोघांनीही नकळत. माझी चूक मला पंधरा दिवस रोज सकाळी माहीत होती. मला धर्माची दया आली असं नाही. जाणूनबुजून चुकलेल्या मी, नकळत चुकलेल्या माणसावर त्याच्या बायकोचं मरण टाकायचं, याची मला लाज वाटली.

मी चालत गेलो आणि पायानं त्या दगडावर पेंढा सारला.

पंचनामा झाला. गाडी तपासायला इन्स्पेक्टर आले, त्यांनी विचारलं, “हँडब्रेक कधीपासून खराब आहे?” मी म्हणालो, “पंधरा दिवस. ड्रायव्हरनं मला सांगितलं होतं. मीच गाडी पाठवली.” त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मालक असं सहसा बोलत नाहीत. “दगड?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “मी तिथे नव्हतो.”

खटला काही वर्षं चालला. शेवटी बाळाराम सुटला. मला दंड झाला, आणि जीप मी भंगारात काढली. पण बाळाराम सुटला तो ‘मालकानं नादुरुस्त गाडी दिली’ म्हणून. त्यानं दगड लावला होता यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. तालुक्यात त्याला कोणी गाडी देईना. उतारावर दगड न लावणारा ड्रायव्हर कोणाला हवा? एके दिवशी तो शेडवर आला.

“शेट, तुमी खड्डा बघितलात. बघताना मी बघितलं तुमाला.”

मी पाना उचलून समोरच्या गाडीचा बोल्ट पिळायला लागलो.

“मंग का नाय बोललात?”

“सुटलास ना?” मी म्हणालो. “अजून काय पाहिजे तुला?” असा मी आहे. जिथे हात धरायचा तिथे मी ओरडतो.

तो म्हणाला, “मी दगड लावलेला, शेट. एवढाच पायजे व्हता,” आणि गेला. कल्याणच्या बाजूला पाण्याचा टँकर चालवायला लागला असं ऐकलं. पुन्हा भेटला नाही. हे वाचत असशील तर ऐक, बाळाराम. तू दगड लावला होतास. मोठा लावला होतास, आणि बरोबर लावला होतास.

राहिला धर्मा. तो आता नाही, म्हणूनच हे लिहितोय. तो दर बाजारच्या दिवशी मुरबाडला यायचा आणि माझ्या शेडसमोरून जाताना चारचौघांत म्हणायचा, “ह्याच्या गाडीनं माजी बायको खाल्ली.” दरवेळी. माझ्यासारखा माणूस, जो एका शब्दावरून गिऱ्हाइकाची गाडी अर्धी खोललेली ठेवून बाहेर ढकलायचा, तो नटबोल्ट मोजत बसायचा. एक वाक्य, फक्त एक वाक्य माझ्याजवळ होतं, आणि ते बोललो असतो तर तो माणूस पुन्हा कधी भात झोडू शकला नसता. वाडीनं माझी दुसरी गाडीही नाकारली. पुढे दोन पावसाळे तिथली आजारी माणसं डोलीतून खांद्यावर खाली आली, माझी गाडी रिकामी उभी असताना. हा माझा राग आहे आणि तो गेलेला नाही. मी माझ्या वाट्याचं मान्य केलं होतं. त्यांच्या वाट्याचंही मीच घेतलं, हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

बारा-तेरा वर्षांनी, उन्हाळ्यात, टोकावड्याच्या फाट्यावर धर्मा उभा होता. खूप वाकला होता. वाडीचा रस्ता तोवर निम्म्यापर्यंत खडीचा झाला होता. मी गाडी थांबवली. का, ते मला माहीत नाही. त्यानं मला ओळखलं, काठी आत ठेवली आणि शेजारी बसला.

चढण सुरू झाली तेव्हा तो समोर बघत म्हणाला, “मी आता छपराला पत्रे घातले. झोडत नाय.”

मी म्हणालो, “बरं केलंस.”

“एक इचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“त्या दिवशी गाडीला धोंडा व्हता का?”

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्याचा आवाज शांत होता, पण मांडीवरचे दोन्ही हात मुठी वळून बसले होते. त्याला काहीतरी आठवायला लागलं होतं. किती वर्षांपासून, ते देव जाणे. बाजारच्या दिवशी तो माझ्यावर ओरडायचा तेव्हाही आठवत असेल कदाचित.

तीस वर्षांत मी ज्याला ज्याला जीप शिकवली, त्याला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट दगडाची सांगितली. माझ्या धंद्यात मला अभिमान वाटावा असं तेवढंच होतं.

“नव्हता,” मी म्हणालो. “दगड लावायचं मी बाळारामला कधी शिकवलंच नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“मंजे गुना तुजाच.”

“माझाच.”

“थांबव गाडी,” तो म्हणाला. उतरला. काठी टेकत भर उन्हात तो चढण चालू लागला. वाडी अजून दीड मैल होती. मी छोटा दांडा ‘लो’वर, म्हणजे सगळ्यात संथ चालीवर टाकला, पहिला गिअर घातला आणि वाडीची पहिली घरं दिसेपर्यंत त्याच्या पावलांच्या चालीनं मागे मागे गाडी नेली. तो एकदाही वळला नाही.